चौथं नाव

१

क्षमा परबचा कुठल्याच गोष्टीवर पटकन विश्वास बसत नसे, आणि त्याबद्दल तिला पगार मिळत असे. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचं तिचं काम. गाडी आपोआप घसरली, आग आपोआप लागली, असं कुणी सांगायला लागलं की ती चष्मा वर सरकवून एवढंच विचारायची, "पुरावा?" चारकोपच्या त्यांच्या घरातही हा प्रश्न दिवसातून चार वेळा ऐकू यायचा. नवरा नंदकुमार त्याला सरावला होता. मुलगी गार्गी तर आईच्या आधीच तो म्हणून टाकायची.

ही गार्गी बारा दिवसांनी जर्मनीला निघाली होती. दोन वर्षं शिकायला, असं म्हणायचं. पण शेजारच्या बिल्डिंगमधली तीन मुलं अशीच दोन वर्षांसाठी गेली होती आणि त्यांतलं एकही परतलं नव्हतं, हा पुरावा क्षमाने केव्हाच गोळा करून ठेवला होता. ती बोलायची नाही. बॅगा भरायला मदत करायची, भाजणीचे पुडे बांधून द्यायची, आणि दुपारी ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. तिला मुलगी जायला नको होती. इतकी साधी गोष्ट, पण सांगायची सोय नव्हती, कारण ॲडमिशन मिळाली तेव्हा सगळ्या सोसायटीला पेढे तिनेच वाटले होते.

जायच्या आधी एक दिवस एकत्र घालवायचा म्हणून गोराई खाडीतली दिवसभराची बोटीची सफर ठरली. सकाळी बोरिवलीच्या जेट्टीवरून निघायचं, तिवरांच्या कडेकडेने हिंडायचं, पलीकडच्या काठावरचं नवं अंतराळ संग्रहालय बघायचं आणि संध्याकाळी परत. गार्गीला शाळेपासून ग्रहताऱ्यांचं वेड, म्हणून ही सफर. बुकिंग मात्र चौघांचंच होत होतं. चौथ्या नावाचा रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकेना. शेवटी गार्गीने वैतागून तिथे स्वतःचंच नाव आणि स्वतःचंच वय पुन्हा एकदा टाकलं, आणि फॉर्म पुढे गेला.

सकाळी निघताना नंदकुमारच्या आईने, प्रेमाआजीने, दारात अडवलं. गुडघ्यांमुळे ती घरीच थांबणार होती, पण तोंडाला काही गुडघे नसतात.

"तिघांच जातास? तीन तिगाडा, काम बिगाडा! एक धोंडो तरी घेवा वांगडा, चौथो म्हणान."

तिघांनी मिळून बाहेर पडू नये, पडावंच लागलं तर एक दगड बरोबर घ्यावा आणि त्याला चौथा गडी समजावं, ही रीत परबांच्या घरात मालवणहून गिरणगावात आणि गिरणगावातून चारकोपला आली होती. क्षमाने कपाळाला हात लावला. नंदकुमार मात्र आईचा शब्द मोडणारा नव्हता. त्याने खाली नारळाच्या आळ्यातून तळहाताएवढा काळा दगड उचलून आणला.

"झकास!" गार्गी म्हणाली. "फॉर्मवर चौथं नाव माझंच आहे ना. मग हीच गार्गी परब नंबर दोन." तिने दगडाची पापी घेतली आणि तो आपल्या झोळीत टाकला.

क्षमाला ते आवडलं नाही. का आवडलं नाही याचा मात्र तिच्याकडे काही पुरावा नव्हता.

२

जेट्टीवर बोटवाला शिवदास यादी घेऊन उभा होता. साठीचा, उन्हाने काळवंडलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने नावं वाचली. "नंदकुमार परब. क्षमा परब. गार्गी परब. गार्गी परब." तो थांबला. "जुळ्या हायेत काय?"

गार्गीने झोळीतून दगड काढून दाखवला. "ही बघा काका, धाकटी."

नंदकुमार खो खो हसला. शिवदास हसला नाही. "दगड लोक घेतात. आमच्यात पन घेतात," तो म्हणाला. "पन त्याला नाव कोन देत नाय."

"मग खोडून टाका ना ते," क्षमा म्हणाली.

"छापील यादी हाय, मॅडम. या यादीचा फोटो जेट्टीच्या चौकीवर गेला. चार नेली तर चार आनायची."

त्याने मोजून चार लाइफ जॅकेटं बोटीत टाकली. गार्गीने चौथं जॅकेट फळीवर आपल्या शेजारी ठेवलं, त्यात दगड बसवला, बकल लावलं आणि फोटो काढून आजीला पाठवला. बोट निघाली. दोन्ही काठांना तिवरं, चिखलात उभे बगळे, लांबवर पॅगोड्याचा सोनेरी घुमट. नंदकुमार पुढे टोकाशी उभा राहून उगाचच खलाशासारखा डोळ्यांवर हात धरून बघत होता. क्षमा एका बाजूच्या फळीवर, गार्गी समोरच्या. क्षमा खाडी बघत नव्हती. ती मुलीच्या वाऱ्याने विस्कटलेल्या केसांकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, अजून बारा दिवस.

"ओ, त्या बाजूच्या दोघी," मागून शिवदास ओरडला, "एकीने हिकडं या. बोट कलते."

त्या बाजूला गार्गी एकटीच होती. ती हसत उठली आणि आईशेजारी येऊन बसली. क्षमाने मात्र नीट पाहिलं. बोट खरंच कलली होती, आणि गार्गी उठून आल्यावरही त्या रिकाम्या फळीकडची कड पाण्याला जवळ होती. ती स्वतः सहासष्ट किलोची, गार्गी चोपन्न. दोघी इकडे बसल्यावर बोट पार इकडे झुकायला हवी. डिझेलचा कॅन त्या बाजूला असणार, तिने स्वतःला समजावलं. मग खाली वाकून पाहिलं, तर कॅन तिच्याच फळीखाली होता.

इंजिन जड असतं, तिने ठरवलं. इंजिनाचं काही सांगता येत नाही.

३

संग्रहालय एका बंद पडलेल्या मिठागराच्या जागी उभं होतं. लांबलचक पांढरी इमारत, खिडक्या नसलेली, आणि तिच्यापर्यंत जाणारा चिखलावरचा लाकडी पूल. शिवदासने बजावलं, "दोनला बाहेर या. पानी ओसरलं की बोट गाळात बसंल, मग रातच्या भरतीपर्यंत हितंच."

आत गारवा आणि एसीची घरघर. दुसरं कुणीच नव्हतं. टेबलाशी चाळिशीची एक बाई बसली होती, छातीवर 'मीरा' अशी पाटी. तिने यादीची प्रत बघितली, जाडजूड रजिस्टर उघडलं आणि 'आत' या रकान्यात चार लिहिलं.

"तीन लिहा," क्षमा म्हणाली.

"कागदावर चार आहेत ना मॅडम. मला कागदासारखं लिहावं लागतं. तुमचा मोबाइल नंबर सांगा."

कागदावर काय असतं आणि खरं काय असतं, या विषयावर क्षमा एरवी तासभर बोलली असती. पण गार्गी केव्हाच आत पळाली होती.

मोठ्या दालनात रॉकेटांच्या प्रतिकृती होत्या, छताला टांगलेला चंद्र होता, काचेत उभा एक रिकामा अंतराळपोशाख होता. एका उघड्या ट्रेमध्ये उल्कांचे तुकडे ठेवले होते आणि वर पाटी होती, 'हात लावून पाहा'. पलीकडे वजनकाटा: चंद्रावर तुमचं वजन किती? गार्गी चढली. काट्याने नऊ किलो दाखवलं. ती खूश झाली. "आई, तिकडे गेले तर तू मला कडेवर घेशील!" मग तिने झोळीतून दगड काढला आणि काट्यावर ठेवला. "आता धाकटीचं."

नऊ किलो.

"अडकलाय काटा," नंदकुमार म्हणाला.

"अडकलाच असणार," क्षमाही म्हणाली. आणि खात्री करायला, तिचा स्वभावच तो, दगड बाजूला करून स्वतः चढली. काटा शहाण्यासारखा अकरावर गेला. ती उतरली. शून्य. तिने पुन्हा दगड ठेवण्यासाठी हात पुढे केला, पण गार्गीने तो उचलून परत झोळीत टाकला होता. विषाची परीक्षा कशाला घ्या, असं क्षमाला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

४

शेवटच्या खोलीवर लिहिलं होतं, 'उष्णतेच्या डोळ्यांनी'. आत काळोख, आणि समोर भिंतभर पडदा. अंतराळातले कॅमेरे उजेडाऐवजी ऊब बघतात. तसाच एक कॅमेरा इथे तुम्हाला बघतो, असं एक ध्वनिमुद्रित आवाज सांगत होता. गरम ते लाल-पिवळं, गार ते निळं.

नंदकुमार पडद्यासमोर हात हलवायला लागला. पडद्यावर एक पिवळाजर्द, ढेरी सुटलेला माणूस हात हलवायला लागला. त्याच्या शेजारी क्षमा: लाल चेहरा, चष्म्याच्या जागी दोन निळे चौकोन. तिला हसू आलं. मग मागून गार्गी आत आली आणि पडद्यावर तीही आली. नारिंगी, सडपातळ, केस वर बांधलेले, खांद्याला झोळी.

तिच्या खांद्याला खांदा लावून अजून एक जण उभं होतं.

निळं. मागच्या भिंतीइतकंच निळं, म्हणून आधी दिसलंच नाही. नुसती कड दिसत होती. तेवढीच उंची. केस वर बांधलेले.

खांब असेल. क्षमाने मान वळवली. मागे काळोख होता, आणि त्या काळोखात फक्त गार्गीच्या शाम्पूचा ओळखीचा वास. खांबाला केस नसतात, हा विचार तिने जेमतेम दाबला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्या दोघींचे हात एकमेकांत होते. गार्गीची नारिंगी बोटं पिवळी पडत होती, मग हिरवी. तो हिरवा रंग मनगटावरून कोपराकडे चढत होता. आणि निळीच्या बोटांची टोकं पिवळी व्हायला लागली होती.

"गार्गी," क्षमा म्हणाली.

पडदा विझला. अर्ध्या मिनिटाची फेरी संपली होती. दिवे लागले तेव्हा चारही भिंती कोऱ्या होत्या. खोलीत खांब नव्हता. गार्गी दाराजवळ उभी होती, एकटी, आणि आईकडे बघून हसत होती.

"चल ना आई," ती म्हणाली. "उशीर होईल."

५

टेबलाशी मीराने पेन उघडून 'बाहेर' या रकान्यावर ठेवलं. "तीन? आत चार आहेत."

"अहो ताई, चौथा दगड होता," नंदकुमारने हसत हसत सगळी हकीकत सांगितली. "गार्गी, दाखव गं."

"ठेवला मी," गार्गी म्हणाली. "आतमध्ये, त्या उल्कांच्या ट्रेमध्ये. तिथे बरा दिसत होता."

बाहेरून शिवदासच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. दोन वाजून गेले होते. मीरा रजिस्टर पुढे सरकवेना. "असं तीन लिहिता येणार नाही मॅडम. मी एकदा आत फिरून बघते. पाच मिनिटं."

क्षमाला त्या इमारतीत पाच मिनिटं काढायची नव्हती. आणि तसं वाटण्याचीच तिला लाज वाटत होती. पन्नाशीची बाई, जळके कागद बघून खोटं पकडणारी, आणि एका गमतीच्या कॅमेऱ्याला घाबरते. कॅमेरा खराब असेल. मागच्या लोकांची ऊब भिंतीवर राहिली असेल. पण मागचे लोक होतेच कुठे? ती पुढे झाली, पेन घेतलं आणि शेऱ्याच्या जागी दाव्यावर लिहितात तसं स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सर्व व्यक्ती बाहेर आल्या आहेत. आत कोणीही नाही.' खाली सही.

६

शिवदासने एकेकाला हात देऊन बोटीत घेतलं. नंदकुमारला, क्षमाला, मग गार्गीला. गार्गीचा हात सोडल्यावर त्याने आपला तळवा निरखून बघितला आणि लुंगीला पुसला.

"चौथा?" त्याने विचारलं.

"आत राहिला," नंदकुमार म्हणाला. "जाऊ दे हो, दगडच तो."

शिवदास काही वेळ इमारतीकडे बघत राहिला, मग पाण्याकडे. दोन्ही काठांचा चिखल उघडा पडायला लागला होता. त्याने इंजिन सुरू केलं. बोट आता सरळ चालत होती. वीस मिनिटांत नंदकुमार टोकाशी टोपी तोंडावर घेऊन झोपला.

गार्गी आईशेजारी येऊन बसली, अगदी चिकटून. बऱ्याच वर्षांत ती अशी बसली नव्हती.

"आई, मी जात नाही."

"कुठे?"

"जर्मनीला. मी इथेच राहते. तुझ्याजवळ."

क्षमाचे डोळे भरून आले. आनंदच तो, दुसरं नाव नाही त्याला. दोन वर्षं मनात ज्याच्यासाठी नवस बोलली, देव न मानता बोलली, ते असं भर दुपारी खाडीत हातात पडत होतं. तिने मुलीला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर ओठ टेकले. का, असं विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं. दोन वर्षं रात्र रात्र जर्मन शब्द घोकणारी मुलगी एका दुपारीत का बदलते? कुठलाही दावा असता तर तिने हाच प्रश्न पहिला विचारला असता. तिने विचारला नाही.

तिने फक्त गार्गीचा हात हातात घेतला. तो गरम होता. तिला इतकं बरं वाटलं की ती हसली. गरम हात, धडधाकट पोर, अजून काय पुरावा पाहिजे? उन्हात तापलेल्या पायरीसारखा गरम होता तो, बोटांपासून मनगटापर्यंत सगळीकडे सारखाच.

वारा सुटला होता. गार्गीचे केस सुटून तिच्या तोंडावर येत होते. एक बट सरळ तिच्या डोळ्यात जात होती, पुन्हा पुन्हा, उघड्या बुबुळावर. गार्गीने ती बाजूला केली नाही. पापणीही लववली नाही. ती आईकडे बघत होती.

क्षमाने आपल्या हाताने ती बट तिच्या कानामागे नीट अडकवून दिली.

७

फोन वाजला तेव्हा पॅगोड्याचा घुमट दिसायला लागला होता. अनोळखी नंबर. रेंज तुटत होती, त्यात इंजिनाचा आवाज.

"मॅडम, मी मीरा बोलतेय. संग्रहालयातून. तुमच्यातलं एक माणूस इथे राहिलंय."

"काय?"

"मी म्हटलं ना, एकदा बघून येते. त्या काळोखाच्या खोलीत बसली होती, कोपऱ्यात. मुलगी आहे. अंग बर्फासारखं गार पडलंय तिचं, मी माझी शाल घातलीय तिला. नाव गार्गी सांगतेय."

क्षमाने शेजारी पाहिलं. गार्गीने कुणाचा फोन म्हणून विचारलं नाही. ती नुसती बघत होती आणि तिचा हात क्षमाच्या हातात होता, तसाच गरम, तसाच स्थिर.

"तुम्ही ऐकताय ना मॅडम? फार रडतेय हो ती. सारखं म्हणतेय, आईला बोलवा, मला जायचंय, माझं विमान आहे."

काठाचा चिखल आता पार मधल्या धारेपर्यंत आला होता. बोट मागे वळणार नव्हती. पण भाईंदरवरून गाडीने वळसा घालून दोन तासांत तिथे पोचता आलं असतं, आणि हे क्षमाला पक्कं माहीत होतं. नंदकुमारला हाक मारायची, एवढंच. तो चार हातांवर होता. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट रांगेने उभी राहत होती, ऑफिसात राहायची तशी. मागे राहिला तो दगड. गार असतो तो दगडच. गरम असतं ते माणूस. रजिस्टरमध्ये तिची सही होती, आत कोणीही नाही. सगळे कागद एका बाजूला होते. उलट बाजूला होतं ते फक्त फोनमधून, मीराच्या आवाजाच्या पाठीमागून, अस्पष्ट येणारं, हुंदका आत ओढून घेणं. ते तिने गार्गी दोन दिवसांची असल्यापासून ऐकलेलं होतं, आणि त्याला कुठला पुरावा लागत नव्हता.

शेजारच्या हाताने तिचा हात हलकेच दाबला.

"मॅडम, हॅलो? देऊ का तिच्याकडे फोन?"

"नको," क्षमा म्हणाली. "आमचं तिथे कुणी राहिलेलं नाही."